कार्डाचा कोपरा

टेंपोतल्या पत्र्याच्या पेटीत मी बांधायची तार शोधत होतो, तेव्हा ते कार्ड हाताला लागलं.

तार वैजूनं मागितली होती. दुसऱ्या फेरीत तिच्या गाडीचा पुढचा बंपर एका बाजूनं सुटला होता, तो तात्पुरता बांधायचा होता. तिसरी आणि शेवटची फेरी सुरू व्हायला पाऊण तास होता. सोनवळच्या घाटाच्या पायथ्याशी त्या रविवारी दहा-बारा गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येक गाडीभोवती माणसांचं कोंडाळं होतं. शर्यत साधी होती. एकेक गाडी सोडायची, घाटाचे नऊ किलोमीटर चढून जायचं, लागलेला वेळ लिहायचा. तिन्ही फेऱ्यांची बेरीज ज्याची कमी, तो पहिला. दोन फेऱ्यांनंतर वैजू पहिली होती.

कार्ड जुनं होतं, पोस्टकार्डाएवढं, तेल पिऊन पिवळं पडलेलं. अक्षर बाबालाल शिकलगारांचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कॅमशाफ्ट घासून द्यायचं काम करणारा त्यांच्यासारखा माणूस नव्हता, आणि घासलेल्या प्रत्येक कॅमबरोबर ते असं एक कार्ड देत. हे कुठल्याशा जीपच्या कॅमचं होतं. आकडे ओळखीच्या वळणाचे होते. आणि वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं : १ मिमीपासून.

मी ते पुन्हा वाचलं. मग कार्ड खाली ठेवलं, तार उचलली, वैजूला नेऊन दिली. "काका, हात किती गार पडलेत तुमचे," ती म्हणाली. मी हसल्यासारखं केलं.

माझा आणि मोटारींचा तसा काही संबंध नव्हता. मला गाडी चालवता येत नाही, आजही येत नाही. मी कोल्हापुरातल्या एका तंत्रनिकेतनात ग्रंथालयात होतो. विद्यार्थी येत, परीक्षेपुरतं पुस्तक नेत आणि परत करत. उरलेल्या वेळात मी कपाटातली पुस्तकं वाचत असे, आणि कोणी वाचत नाही म्हणून इंजिनांवरची जास्त. गॅरेजवाले रंगराव सासने एकदा एका पुस्तकासाठी आले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी त्यांना चार पानं मराठीत सांगितली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, आणि त्यानंतर सहा वर्षं येत राहिले. ग्रंथालयात शिरताना ते दारात चपला काढत. तसं करायची गरज नाही असं मी एकदा सांगायला गेलो, तर म्हणाले, "राहू द्या सर, पाय काळे हायत."

गावातल्या लोकांना ते सांगत की गणित सरांचं आणि लोखंड माझं. मला ते ऐकून भीती वाटायची. गणित चुकलं तर लोखंडाचं काय होतं, हे मी वाचलेलं होतं.

वैजयंती त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. तिच्यासाठी रंगरावांनी तेराशे सीसीचं एक साधं इंजिन घेतलं आणि त्याला भंगारात निघालेल्या डिझेल गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, लावायचं ठरवलं. आता टर्बो लावायचा तर कॅमशाफ्ट त्याच्या जोडीचा हवा, आणि ती जोडी जुळवायचं काम माझ्याकडे आलं.

हे थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर फिरणारा दांडा. त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. एक व्हॉल्व्ह ताजी हवा आणि पेट्रोल आत घेतो, दुसरा जळलेला धूर बाहेर सोडतो. या दोन्हींच्या मध्ये एक लहानसा काळ असा असतो की दोन्ही दारं एकदम उघडी असतात. बिनटर्बोच्या शर्यतीच्या गाडीत हा काळ मुद्दाम लांब ठेवतात, कारण बाहेर जाणारा धूर ताज्या हवेला मागून ओढून घेतो. टर्बोचं तसं नाही. तिथं धुराला जाता जाता एक पंखा फिरवावा लागतो, म्हणून बाहेरच्या दारापाशी धूर दाटून उभा असतो. दोन्ही दारं जास्त वेळ उघडी राहिली, तर तो उलटा आत शिरतो. ताजा माल आधीच तापतो, वेळेआधी पेटतो, आणि काही मिनिटांत पिस्टनला भोक पडतं. त्या भोकातून उडालेलं तेल लाल झालेल्या टर्बोवर पडलं की गाडी पेटते.

माझ्या हिशेबानं दोन्ही दारं एकदम उघडी राहायचा काळ, इंजिनाच्या फिरण्यात मोजला तर, चोवीस अंश होता. टर्बोला चालण्यासारखा. तो हिशेब मी बाबालालभाईंच्या कार्डावरून केला होता. प्रश्न एवढाच होता, की भाईंनी मोजायला सुरुवात कुठून केली. व्हॉल्व्ह ज्या कडेवर बसतो तिला सीट म्हणतात. व्हॉल्व्ह सीट सोडतो त्या क्षणापासून मोजलं असेल, तर चोवीस. पण तो एक मिलिमीटर वर आल्यावर मोजलं असेल, तर खरा आकडा साठावर जात होता.

मला हे तेव्हाही माहीत होतं. म्हणून कॅम घासायला देताना मी एक चिठ्ठी लिहिली होती : 'मोजमाप सीटपासून द्यावे, ही विनंती.' बाबालालभाईंचं दुकान ग्रंथालयापासून सायकलवर दहा मिनिटं होतं. मी स्वतः जाऊन सांगू शकलो असतो. पण तिथं पाच-सहा कारागीर बसलेले असत. त्यांच्यासमोर एवढ्या अनुभवी माणसाला, तुम्ही मोजता कुठून, असं विचारायचं माझ्या जिवावर आलं. मी चिठ्ठी रंगरावांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात तंबाखूच्या पुडीबरोबर कोंबली. ती पुढं पोचली का, हे मी कधी विचारलं नाही. कार्ड आलं, आकडे मनासारखे होते, मी त्यावर विसंबलो.

कार्डाचा कोपराही मी पाहिला नव्हता. रंगरावांच्या गॅरेजात नवा कॅम आला की तो आधी देवापुढं ठेवत. कॅमला हळदकुंकू, आणि त्याच्या कार्डालाही, वरच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्यानं कुंकवाचा ठसा. माझ्या हातात कार्ड आलं ते कुंकू लागूनच. आता ते चौकटीत घालून गॅरेजातल्या देवाजवळ टांगलेलं होतं, चाळीस किलोमीटर दूर.

मी आधी रंगरावांकडे गेलो. पण त्यांच्याशी बंगळूरच्या एका शर्यत-संघाचे व्यवस्थापक बोलत होते. ते वैजूसाठीच आले होते. वर्षभरासाठी त्यांना एक नवा चालक घ्यायचा होता आणि तो ते आजच्या निकालावरून ठरवणार होते. मुलीला आजवर कोणी घेतलं नव्हतं. मी बाजूला उभा राहून बोलण्यात खंड पडायची वाट बघू लागलो. रंगरावांचं लक्ष गेलं. त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला पुढं ओढलं आणि त्या गृहस्थांना सांगितलं, "हे आमचे सर. आमच्या इंजिनाचं डोकं हेच. कागदावर आधी, मग लोखंडात."

त्या गृहस्थांनी माझा हात हातात घेतला. मी नमस्कार म्हणालो.

तेवढ्यात रंगराव बोलता बोलता वाकले आणि टर्बोचा दाब ठरवणारा बारीक दांडा त्यांनी पान्यानं दोन आटे फिरवला. पहिल्या दोन फेऱ्या इंजिन सांभाळून पळवलं होतं, आता शेवटच्या फेरीला सगळं द्यायचं, असं ते त्या गृहस्थांना सांगत होते. मी त्या पान्याकडे बघत राहिलो. दोन फेऱ्यांत काही झालं नाही, हा माझा एकुलता एक आधार होता. तो त्या दोन आट्यांत गेला.

रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी होती आणि तिथं नाणं टाकायचा फोन होता. बाबालालभाईंच्या घरचा नंबर माझ्या डायरीत होता. फोन त्यांच्या थोरल्या मुलानं उचलला. अब्बा लग्नाला मिरजेला गेले होते, संध्याकाळी येणार होते. मी विचारलं, ते कॅम मोजतात ते कुठून मोजतात.

"एक मिलिमीटरपासून," तो म्हणाला.

"नेहमी?"

"कायम. त्याच्या खालचं मोजायचा काटा नीट दावत नाही म्हणतात. का वो साहेब?"

"काही नाही, सहज," मी म्हणालो. नाण्याची वेळ संपून फोन तुटला. मी तसाच तो कानाला लावून उभा होतो. टपरीवाल्यानं विचारलं, चहा देऊ का. मी हो म्हणालो, पैसे दिले, आणि चहा न घेता निघालो.

तीन वर्षांपूर्वी याच घाटात, सातव्या वळणावर, एक गाडी पेटली होती. चालक बाहेर निघाला, पण पट्ट्याची कडी हातानं सोडवायला लागली होती. मी त्याला नंतर दवाखान्यात पाहिलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते आणि त्याची आई त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. टपरीपासून गाड्यांपर्यंत शंभर पावलं असतील. त्या शंभर पावलांत मला ते हातच दिसत राहिले. फक्त ते वैजूचे होते.

आणि तरीही मी थेट गेलो नाही. हे मला लिहायला हवं. मी टेंपोच्या आडोशाला थांबलो आणि डायरीच्या मागच्या पानावर पुन्हा हिशेब केला. साठ. पुन्हा केला. साठच. मग मला वाटलं, चिठ्ठी पोचलीच असेल तर? रंगराव विसरणारे नव्हते. मग वाटलं, कधीकधी विसरतही. मी माझं जाणं मिनिटामिनिटानं पुढं ढकलत होतो. कोणीतरी येऊन शर्यत रद्द झाली असं सांगेल, कुणाच्या गाडीचं तेल सांडेल, पाऊस येईल, असं काहीबाही मनात येत होतं. आभाळ निरभ्र होतं.

पलीकडे गाड्या सुटायला लागल्या. एका गाडीनंतर दोन मिनिटांनी दुसरी. वैजूचा नंबर पाचवा होता. पहिली सुटली, तिचा आवाज घाटात वर वर जात विरला. दुसरी. तिसरी. चौथी रेषेवर आली तेव्हा माझे पाय हलले.

दोराजवळ एक शिट्टीवाला उभा होता. त्यानं हात आडवा केला. मी वाकून त्याच्या हाताखालून गेलो. तो ओरडला. लोक वळून बघू लागले. आयुष्यभर मी लोकांनी वळून बघू नये अशा बेतानं चाललो होतो. वैजूची गाडी रेषेवर येऊन उभी राहत होती. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही तळवे बॉनेटवर टेकले. पत्रा तापलेला होता. त्याची थरथर माझ्या मनगटात येत होती.

रंगराव धावत आले. "सर, काय झालं? बाजूला या."

मी एवढंच म्हणालो, "कार्ड."

"कुठलं कार्ड?"

"कॅमचं. मोजमाप एक मिलिमीटरपासून असेल तर साठ होतात. दोन्ही दारं उघडी. पिस्टन जाईल. वळणावर जाईल."

"आणि नसेल तर?"

"तर चोवीस."

"म्हंजे ठाऊक न्हाई."

"नाही. मी चिठ्ठी दिली होती तुम्हाला. ती तुम्ही भाईंना दिली का?"

रंगराव माझ्याकडे बघत राहिले. "कुठली चिठ्ठी?"

मी बॉनेटवर आणखी भार टाकला, जसं काही माझ्या वजनानं गाडी थांबणार होती.

रंगराव खाली वाकून माझ्या कानाशी आले. ते रागावले नव्हते, मला समजावत होते. "सर, आवाज ऐका. साठाचा कॅम असा उभा राहतो व्हय? लंगडत लंगडत चालला असता. ऐका जरा."

"मला आवाजातलं कळत नाही," मी म्हणालो.

झेंडेवाल्यानं एक बोट वर केलं. एक मिनिट. शिट्टीवाला माझा दंड धरून ओढू लागला. तेव्हा वैजूनं हेल्मेटची काच वर केली आणि मला खिडकीशी यायची खूण केली. मी बॉनेट न सोडताच, हात सरकवत सरकवत, तिच्या बाजूला आलो.

"काका, माझ्या जागी तुम्ही असता तर गेला असता?"

"मी तुझ्या जागी कधीच बसलो नसतो," मी म्हणालो. ते खरं होतं.

तिला त्या वेळीही हसू आलं. "बरं. मग तुमच्या जागेवरून सांगा. जाऊ का नको?"

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या मागं, दोराच्या पलीकडे, ते बंगळूरचे गृहस्थ हातात वही घेऊन उभे होते. मी बरोबर असेन, तर ती वाचेल आणि तिचं वर्ष जाईल. मी चूक असेन, तर तिचं वर्ष जाईल, आणि ते मी घालवलेलं असेल. मला काहीही माहीत नव्हतं. एवढं माहीत होतं, की मी आता गप्प बसलो आणि वर सातव्या वळणावर धूर दिसला, तर तो धूर मला मरेपर्यंत दिसत राहील.

"नको," मी म्हणालो.

तिनं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. बॉनेटची थरथर थांबली तेव्हा मी हात काढले.

आम्ही तिघांनी गाडी ढकलून कडेला घेतली. मागची गाडी पुढं आली आणि सुटली. बंगळूरच्या गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते दुसरीकडे गेले. परत येताना रंगराव टेंपो चालवत होते, मी मध्ये होतो आणि वैजू खिडकीशी. माझ्या घराच्या कोपऱ्यावर मी उतरलो, तेव्हा रंगराव एवढंच म्हणाले, "इंजिन उघडतो मी."

त्यानंतरचे तीन दिवस मी कधी कोणाला सांगितले नाहीत. रविवारी मी वैजूच्या जिवासाठी भ्यालो होतो. सोमवारपासून मी स्वतःसाठी भीत होतो. ग्रंथालयात दार वाजलं की मी आधी बघायचो, दारात कोणी चपला काढतंय का. बाबालालभाई मिरजेहून आलेले होते, त्यांना फोन करून एका वाक्यात कळलं असतं. मी केला नाही. आणि लाज वाटते, पण लिहितो : त्या तीन दिवसांत मी मनापासून इच्छा करत होतो, की ते इंजिन आतून खराब निघावं. ज्या मुलीसाठी बापानं दोन वर्षं राबून ते बांधलं, तिचं इंजिन. ते फुटायच्या बेतात असावं, म्हणजे मी खरा ठरेन.

चौथ्या दिवशी दुपारी रंगराव आले. दारात चपला काढल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवून उलगडलं. आत पिस्टन होता. त्याची वरची कड एका बाजूला उंदरांनी कुरतडल्यासारखी खाल्ली गेली होती, आणि माथ्यावर वितळून थिजलेल्या धातूचे बारीक थेंब होते.

"तीन नंबरचा," ते म्हणाले. "अजून दोन वळणं चालला असता. फार तर तीन."

मी त्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुमचं बरोबर होतं सर. कार्ड एक मिलिमीटरपासूनच होतं." ते जायला निघाले आणि दाराशी थांबून म्हणाले, "पुढच्या येळी पण असंच आडवं यायचं. बिनदिक्कत."

ते गेल्यावर मी मासिकांच्या कपाटामागं जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. मग येऊन टेबलाशी बसलो.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तो पिस्टन तेव्हापासून माझ्या टेबलावर आहे, आधी ग्रंथालयात, निवृत्तीनंतर घरी. कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, असं मी सांगतो. स्वतःबद्दल शंका आली, आणि ती मला रोजच येते, की मी तो हातात घेतो. मनाशी म्हणायचो : गणित मी चुकलो होतो, हे खरं. कार्डाचा कोपरा न बघता विसंबलो होतो. पण एकदा, एकदाच का होईना, वेळेवर बोललो होतो. त्या पिस्टनच्या बळावर मी पुढं आणखी दोनदा बोललो. एकदा आमचे प्राचार्य जुनी मासिकं रद्दीत घालायला निघाले होते तेव्हा. आणि एकदा, त्या घाटानंतर चार महिन्यांनी, वैजूच्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकामागं ब्रेकचा पाइप मला ओलसर दिसला तेव्हा. त्या वेळी मी टेंपोमागं थांबलो नाही. थेट जाऊन सांगितलं. पाइप खरोखरच चिरलेला निघाला.

बंगळूरच्या संघानं दुसराच चालक घेतला. वैजूला तसं बोलावणं पुन्हा आलं नाही. ती लहानसहान शर्यतींत पळत राहिली आणि मग बापाचं गॅरेज चालवू लागली.

गेल्या वर्षी रंगराव गेले. दिवसकार्य उरकल्यावर आठवड्यानं वैजू घरी आली. आता तिचे कानाजवळचे केस पांढरे झालेत. गॅरेजला रंग द्यायचा म्हणून देवाजवळच्या चौकटी उतरवल्या होत्या. त्यातली एक तिनं पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवली.

"हे तुमचं. अण्णा म्हणायचे, सरांचं कार्ड हाय, जपून ठेव."

काच फुटलेली होती. मी कार्ड बाहेर काढलं. बाबालालभाईंचं अक्षर, माझे आकडे, आणि कोपऱ्यात सुकून काळपट झालेला कुंकवाचा ठसा. बोट लागताच त्याचा पापुद्रा निघून आला. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : सीटपासून. साहेबांच्या चिठ्ठीप्रमाणे.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. चिठ्ठी पोचली होती; रंगराव ती देऊन विसरून गेले होते. चोवीस हा आकडा पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

"वैजू," मी म्हणालो, "मग हा पिस्टन?"

तिनं टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला अण्णांनी कधीच सांगितलं नाही?"

मी नकारार्थी मान हलवली.

"हा आमच्याकडं दुरुस्तीला आलेल्या विलास पाटलाच्या गाडीचा. भंगाराच्या डब्यातनं काढला." ती खुर्चीत मागं टेकली. "त्या रात्रीच उघडलं आम्ही इंजिन. चारही पिस्टन ताटासारखे लख्ख. मीच कुंकू पुसून कार्ड वाचलं. डोकं फिरलं माझं. म्हटलं, आत्ता जातो आणि काकांच्या दारात टाकतो हे कार्ड."

"मग?"

"अण्णांनी हातातनं काढून घेतलं. नवं कुंकू लावलं आणि परत टांगलं. म्हणाले, हा माणूस जन्मात पहिल्यांदा बोललाय. आज चुकला म्हणून सांगितलं तर पुन्हा तोंड उघडणार न्हाई. आणि कवातरी ते लागंल."

"तुझं नुकसान झालं," मी म्हणालो.

"झालं की. चार महिने बोलत नव्हतो मी तुमच्याशी, आठवतंय?"

आठवत होतं. तेव्हा मला वाटलं होतं, ती वर्ष हुकल्यामुळं दुःखी आहे.

"मग तो ब्रेकचा पाइप," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी जाताना अण्णांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. तेवढ्यावर मिटलं."

माझ्या हातात अजून कार्ड होतं. मी तिला विचारलं, त्या दिवशी रेषेवर, माझे हात बॉनेटवर होते तेव्हा, इंजिनाचा आवाज कसा होता.

"शिवणयंत्रासारखा. अगदी एकसारखा. तुम्ही तर पुढ्यातच उभे होता की."

होतो. पण मी साठाचा आकडा ऐकत होतो.

ती उठली. जाताना मी पिस्टन तिच्यापुढं सरकवला, तर तिनं तो उचलून पुन्हा माझ्या कागदांवर ठेवला. मग म्हणाली, गॅरेजात एक नवं इंजिन आलंय, टर्बोचं. कॅमचं कार्ड आलंय, पण अण्णा नाहीत, मनाला पटत नाही. रविवारी येऊन एकदा बघाल का, भ्यायसारखं काही आहे का.

"वैजू, मी चुकलो तर?"

"तर आणखी एक पिस्टन आणून देईन."